कुंदाताईंचा शिक्का

"उलटी कर! खालची पट्टी धर आणि उलटी कर आधी!"

अंधेरी पूर्वेला, भर बसस्टॉपवर, दुपारी दीड वाजता कुंदाताई परब एका अनोळखी पोरावर ओरडत होत्या. मे महिना होता. अंधेरीचा मे म्हणजे असा, की डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत सोडायला येतं आणि कावळे थांबलेल्या बसच्या सावलीत उभे राहतात, बस सुटली की तिच्याबरोबर पुढच्या स्टॉपला जातात. अशा उन्हात त्या पोराने काळीकुट्ट, जाडजूड, मांडीपर्यंत लोंबणारी हुडी घातली होती. वर टोपीसुद्धा ओढलेली.

पोराने आधी मोबाइल खिशात खोल दाबला, मग पाकीट चाचपलं. मुंबईत लुटायची नवी पद्धत आली असं त्याला वाटलं असणार. समोर साठीला टेकलेली बाई, कडक इस्त्रीची सुती साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या नाडीत ओवलेला एक रबरी शिक्का.

"आंटी, क्यूं?"

"मेल्या, तुझी हुडी नको माका. वाफ निघतेय तुझ्यातून. शिवण बघू दे फक्त."

पोराने घाबरून खालची कड उलटी केली. कुंदाताईंनी चष्मा लावला आणि वैद्य नाडी बघतो तसा अंगठा शिवणीवरून फिरवला. बस आली, थांबली, ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"बाई आहे," कुंदाताई म्हणाल्या. "डावखुरी. दिवसाच्या शेवटच्या तासाला शिवलंय हे. आणि हिला संडासला जाऊ दिलेलं नाही."

"कैसे पता?"

"हे बघ. इथपर्यंत टाका कसा चाललाय? शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेसारखा. आणि इथून पुढे बघ, पळत सुटलाय नुसता. कुणी पाठीमागे लागल्याशिवाय टाका असा पळत नाही."

मी दोन पावलं बाजूला सरकून ही बाई आपल्या ओळखीचीच नाही असा चेहरा करून उभा होतो. पण तेव्हापासून ही गोष्ट मी निदान तीनशे ठिकाणी सांगितली आहे आणि माझ्या तोंडी ती डावखुरी बाई आता दोन मुलींची आई झाली आहे, तिला नाव आहे, मुलुंडला तिची सासू आहे. मूळ गोष्टीत एवढंच होतं, की बस निघून गेली तरी तो पोरगा तिथेच उभा राहून आपल्या हुडीच्या आतल्या बाजूकडे पाहत होता.

मी कोण ते सांगून टाकतो, म्हणजे पुढे कितपत विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी मर्चंडायझर, म्हणजे गिऱ्हाईक आणि कारखाना यांच्यामधला माणूस. शब्द भारदस्त आहे, काम थापा मारण्याचं. कापड तिरुपूरहून निघालेलंसुद्धा नसताना गिऱ्हाइकाला सांगायचं, "साहेब, पॅकिंग चालू आहे." आणि गिऱ्हाईक गोव्याच्या समुद्रात डुंबत असताना कारखान्यात ओरडायचं, "अरे, पार्टी खाली गाडीत बसलीय!" वीस वर्षं मी दोन्ही बाजूंना अशा थापा मारल्या आणि दोन्ही बाजूंनी मला चहा पाजला. कुंदाताई मला सरळ थापाड्या म्हणायच्या. "तावड्या" असं आडनाव त्या फक्त रागात घ्यायच्या.

आमचा कारखाना म्हणजे अंधेरीतल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला तिसऱ्या मजल्यावरचा गाळा. चाळीस मशिनं, एक कटिंगचं टेबल, एक काचेची एसी केबिन आणि केबिनमध्ये घाटकोपरचे गुजराती जिग्नेशशेठ. शेठ माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त जागा रिकामी दिसली की पोटात कळ यायची. कुठेही दोन फूट मोकळी फरशी दिसली की तिथे तो कापडाचा रोल उभा करायचा. एकदा एक मेकॅनिक मशीन दुरुस्त करायला खाली वाकला, तर उठेपर्यंत त्याच्या चहूबाजूंनी रोल उभे. मधल्या वेळच्या चहाला तो सापडला.

गाळ्यातलं शेवटचं टेबल चेकिंगचं, आणि ते कुंदाताईंचं. प्रत्येक कपडा त्या टेबलावर उलटा व्हायचा, त्याची शिवण, माप, लेबल बघितलं जायचं. सगळं ठीक असलं की खोक्यावर शिक्का. शिक्का नसेल तर खोकं गाळ्याबाहेर पाऊल टाकत नसे. हा नियम शेठच्या वडिलांनी घालून दिलेला, आणि शिक्का त्यांनीच कुंदाताईंच्या हातात दिलेला. शेठने एकदा गुपचूप दुसरा शिक्का करून आणला. कुंदाताईंनी तो दहा फुटांवरून, नुसत्या शाईच्या वासावरून पकडला आणि शेठच्याच शर्टाच्या पाठीवर उमटवून ठेवला. संध्याकाळी शेठ 'पास' असा घाटकोपरपर्यंत गेला.

"आतून बघ रे," हे त्यांचं पालुपद. त्या भाजीवाल्याचं गोणपाट उलटं करून बघायच्या, रिक्षाच्या सीटची शिवण बघायच्या. भाचीला बघायला मुलगा आला तेव्हा मंडळी पगार-बिगार विचारत होती आणि कुंदाताई त्याच्या शर्टाची कॉलर उलटी करत होत्या. एक बटण वेगळ्या धाग्याने लावलेलं. "कोणी लावलं?" "मीच, काकी." "पास," असं म्हणून त्या पोहे आणायला आत गेल्या. लग्न झालं. अजून टिकून आहे.

आता ईशान. बोरिवलीचा पोरगा, वय तेवीस. स्ट्रीटवेअरचा, म्हणजे हुडीसारख्या ढगळ कपड्यांचा, स्वतःचा ब्रँड काढलेला. ब्रँडचं नाव सांगत नाही, उगाच फुकट जाहिरात व्हायची. त्याची पँट इतकी रुंद, की एका पायात तो आणि दुसऱ्यात त्याचा मित्र आरामात राहिला असता. बूट पांढरेशुभ्र. आमच्या जिन्यात पाणी साचलेलं दिसलं की तो बूट काढून छातीशी धरायचा आणि अनवाणी यायचा. सगळ्यांना "ब्रो" म्हणायचा. शेठ ब्रो, मी ब्रो, पहिल्या दिवशी कुंदाताईसुद्धा ब्रो.

"ब्रो कोण तुझी? परब म्हण, नाहीतर ताई म्हण."

"ओके, परबताई ब्रो."

त्याच्या पहिल्याच मालात असा घोळ झाला, की तसा फक्त आमच्याकडेच होऊ शकला असता. आम्ही एकशेवीस हुड्या शिवून दिल्या. ईशानने त्या एका डिझायनरकडे नेल्या. डिझायनरने ब्लेडने बाह्या, पोट, कोपरं जागोजागी फाडली आणि माल शेवटच्या चेकिंगला आमच्याकडे परत आला. फाडणं ही फॅशन आहे हे सांगायचं काम माझं होतं. मी विसरलो. कुंदाताई दोन दिवस गावी, कणकवलीला गेल्या होत्या. त्या परत आल्या तर टेबलावर एकशेवीस फाटक्या हुड्या. त्यांनी कपाळावर हात मारला, उंदरांना मालवणीत जे काही म्हणता येतं ते सगळं म्हटलं आणि ओव्हरलॉक मशीनवर कडा शिवणाऱ्या रेश्माला आणि आणखी तिघींना हाताशी घेऊन रफू करायला बसल्या. संध्याकाळी पाचपर्यंत भोकं गायब. आणि रफू कसं? भोक होतं कुठे हे सांगायला भोकालाच बोलवावं लागलं असतं.

सव्वापाचला ईशान आला. एक हुडी उचलली. दुसरी उचलली. दहावीची बाही उजेडाला धरून बघितली.

"ताई... भोकं कुठे गेली?"

"बुजवली."

"सगळी?"

"सगळी. काळजी करू नको, टेबलाखाली औषधपण घातलंय. परत येणार नाहीत मेले."

ईशान मटकन खोक्यावर बसला. "ताई, ती भोकंच तर डिझाइन होतं!"

कुंदाताईंनी चष्मा कपाळावर चढवला. "भोकं डिझाइन? मग भोवतीचा कपडा कशाला घेतोस रे?"

तो माल विकला गेला नाही. मला इथे सांगायला आवडलं असतं, की त्या रफूच्या हुड्यांवर जगभरच्या उड्या पडल्या, जपानहून विमान आलं. तसं काही झालं नाही. पण त्यातली एक हुडी ईशानने स्वतः घातली आणि तो दर आठवड्याला यायला लागला. चेकिंगच्या टेबलाशी स्टूल घेऊन बसायचा आणि रफू शोधायचा. दोन महिन्यांनी त्याला पहिलं सापडलं. "हे रेश्माचं ना?" "नाय, माझं. रेश्माचं अजून बारीक असतं." त्या दिवसापासून ब्रो गळून पडलं, नुसतं ताई उरलं.

कुंदाताईंची एक प्रदक्षिणा असायची. रोज सकाळी पहिलं मशीन सुरू व्हायच्या आधी त्या गाळ्याच्या मागच्या दारातून बाहेर पडायच्या, मागचा जिना उतरायच्या, इमारतीला वळसा घालून पुढच्या जिन्याने वर यायच्या. गुडघे दुखायचे तरी. मग मशिनं सुरू. मी सुरुवातीला समजायचो, मागे कुठेतरी एखादा देव असेल. एकदा विचारलंच. त्या धागे कापत होत्या, मान वर न करता बोलल्या.

"आधी मालाडला होते एका गाळ्यात. दाराला कुलूप असायचं, माल चोरीला जाऊ नये म्हणून. एक दिवस धूर झाला. शोभा माझ्या मागच्या मशीनवर होती."

एवढंच. जिथे तिथे मीठमसाला लावणारा माणूस मी, पण या चार वाक्यांत मी आजवर एक शब्दही वाढवलेला नाही.

मग आला तो ड्रॉप. ड्रॉप म्हणजे काय, तर ठरलेल्या मिनिटाला मोबाइलवर माल खुला होतो आणि पोरं अंगठे सरसावून बसलेली असतात. पाच मिनिटांत संपला तर ब्रँड राजा. नाही संपला तर थेट बोरिवलीला आईबापांच्या घरी, नोकरीच्या जाहिराती बघत. ईशानने शनिवार दुपारी बाराची वेळ जाहीर करून टाकली होती. शुक्रवारी सकाळी टेम्पो लागणार होता.

कापड आलं ते एवढं, की शेठच्या डोळ्यांत आनंदाश्रू आणि गाळ्यात पाय ठेवायला जागा नाही. त्याने रोल मागच्या दाराशी रचले. छतापर्यंत. वर कुलूपही घातलं. कुंदाताई सकाळच्या फेरीला निघाल्या आणि रोलच्या भिंतीसमोर थांबल्या.

"शेठ, दार."

"कुंदाबेन, चार दिवसांचा प्रश्न आहे ने."

त्या वळल्या. टेबलाशी गेल्या. चार दिवस एकेक हुडी उलटी करून तपासली, घडी घातली, खोक्यात भरली. फक्त शिक्का मारला नाही. आम्हाला वाटलं, शेवटी एकदम मारतील.

याच सुमारास ईशानने मला हुडीला लटकवायच्या पुठ्ठ्याच्या लेबलावर चार ओळी लिहायला सांगितल्या. हल्लीची पोरं विचारतात म्हणे, कपडा कोणी शिवला, कसा शिवला. मी मिसळ खाता खाता इंग्रजीत लिहून दिलं. ईशानने वाचलं आणि विचारलं, "तावडेसर, हे खरं आहे ना? तिथे सगळं ठीक आहे ना?"

"एकदम झकास," मी म्हणालो. पावाचा तुकडा तर्रीत होता, वर बघायला वेळ नव्हता.

शुक्रवार उजाडला. अकरा वाजले. खाली टेम्पोवाला असा हॉर्न मारत होता, की सांताक्रूझची विमानं उतरायची थांबली असतील. वर तीस खोकी तयार, ईशान तयार, शेठ केबिनच्या दारात. "कुंदाबेन, शिक्का मारो ने हवे, मारा की आता!"

"लॉट रिजेक्ट," कुंदाताई म्हणाल्या.

मशिनं एकेक करून बंद पडली.

"शुं?"

"शिवण चांगली आहे. माप बरोबर आहे. लेबल चुकलंय." त्यांनी एका हुडीचं पुठ्ठ्याचं लेबल माझ्यासमोर धरलं. "वाच रे. मराठीत. मोठ्यानं."

माझा आवाज एरवी एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जातो. त्या दिवशी तो मलाच ऐकू येईना. "ही हुडी शिवणारे हात... सुरक्षित आहेत. मोकळे आहेत. आनंदी आहेत."

"कोणी लिहिलं?"

"मी."

"तिकडे बघ तावड्या."

सगळ्यांनी बघितलं. रोलची भिंत, तिच्यामागे कुठेतरी दार, दाराला कुलूप.

"एक्सएलवर मीडियमचं लेबल लागलं तर मी सोडते? पॉलिस्टरला कॉटन म्हटलं तर सोडते? मग ह्या कसा सोडू?"

ईशान माझ्याकडे बघत होता. वीस वर्षांत गिऱ्हाइकांनी माझ्याकडे रागाने पाहिलं होतं, पण असं नव्हतं कुणी पाहिलं. मग तो कुंदाताईंकडे वळला. "ताई, उद्या बारा वाजता सगळं खुलं होतंय. पोरं वाट बघतायत. या वेळी जाऊ द्या ना. पुढच्या वेळी नक्की, आईशप्पथ."

"शोभापण मालाडच्या शेठला दाराचं बोलली होती," कुंदाताई म्हणाल्या. "तोपण पुढच्या वेळी म्हणाला."

शोभा कोण ते ईशानला माहीत नव्हतं. पण तो टेबलाशी बराच बसलेला होता. कुंदाताई कुठला टाका ओढून बघतात आणि कुठला नुसता बघतात, हे त्याला एव्हाना कळायला लागलं होतं. शोभाचं पुढे काय झालं असेल ते त्याला विचारावं लागलं नाही. खाली टेम्पो ओरडतच होता.

"नवी लेबलं किती दिवसांत मिळतील?" त्याने मला विचारलं.

"दोन."

"खरं सांग," कुंदाताई म्हणाल्या.

"तीन."

ईशानने मोबाइलकडे बघितलं, खोक्यांकडे बघितलं, मग त्या भिंतीकडे. "आणि ताई, हेच लेबल खरं करायला किती वेळ लागेल?"

कुंदाताईंनी पहिल्यांदा चष्मा काढला. "चाळीस माणसं आहेत. तासभर."

ईशानने पांढरे बूट काढून टेबलाखाली ठेवले, पँटचे दोन तंबू गुडघ्यापर्यंत गुंडाळले आणि पहिल्या रोलला मिठी मारली.

"अरे पण ठेवणार कुठे?" शेठ ओरडला. सगळ्यांचं लक्ष एकाच वेळी एकाच ठिकाणी गेलं. काचेची केबिन, ऐसपैस, थंडगार, आत एकच माणूस. पुढचा तासभर शेठने जो आकांत केला तो घाटकोपरला त्याच्या बायकोला ऐकू गेला असणार. पहिला रोल आत गेला तेव्हा तो दारात आडवा झाला. दहावा गेला तेव्हा "एसीच्या समोर नको, कपडा ओलसर होईल" असं सांगू लागला. विसाव्याला तो स्वतः एका टोकाला हात लावून उभा होता. केबिन खच्चून भरली. खुर्ची काढायची राहूनच गेली, ती अजून आतच असेल.

मग कुलूप. चावी कुठे ठेवली ते शेठलाच आठवेना. शेठने खिशातला जुडगा काढला, त्यातली एकही लागेना. रेश्माने मशीनचं तेल ओतलं, पाच मिनिटं थांबली आणि हातोडीचा असा घाव घातला, की पुन्हा तिच्याशी ओव्हरलॉकच्या धाग्यावरून कुणी हुज्जत घातली नाही. दार उघडलं. वारा आत आला आणि मागच्या जिन्यात वर्षानुवर्षं राहणारी निदान दोनशे कबुतरं बाहेर पडली. त्यातलं एक जाताना माझ्याकडे बघून मान हलवून गेलं.

"चला," कुंदाताई म्हणाल्या. "एकेक करून खाली. ढकलाढकली नको."

चाळीस माणसं, शेठ, ईशान आणि मी असे मागचा जिना उतरलो, इमारतीला वळसा घातला. टेम्पोवाल्याने एवढी माणसं मागून येताना बघितली आणि संप झाला समजून हॉर्न सोडून दिला. वर आल्यावर कुंदाताई टेबलाशी बसल्या, थोडा दम घेतला, गळ्यातला शिक्का काढला. ठप्. ठप्. ठप्. तीस खोकी.

शनिवारी माल दोन मिनिटांत संपला. ईशान म्हणतो अकरा मिनिटं लागली, तरी सहा हुड्या उरल्या. त्याचंच धरा.

मला थापांची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम खरं सांगतो. त्या दिवसानंतर सगळं कायमचं सुधारलं असं नाही. रोल मागच्या दाराशी आणखी दोनदा आले. दोनदा शिक्का थांबला. तिसऱ्या वेळी शेठने मुकाट्याने तळमजल्यावरचा गाळा कापडासाठी भाड्याने घेतला. ईशानने दुसऱ्या एका कारखान्यालाही काम द्यायला सुरुवात केली, आणि तिथे जाऊन त्याने आधी काय विचारलं असेल? मागचं दार कुठंय, हे. तो मालक अजून बुचकळ्यात आहे, की हे कपड्याचं गिऱ्हाईक आहे की घर शोधतंय. आणि मी हल्ली लेबलावर काही लिहायच्या आधी उठून बघून येतो. धंद्यात त्यामुळे माझा वेळ फार जातो.

गेल्या वर्षी कुंदाताई निवृत्त झाल्या. दुपारी चारला मशिनं बंद करून आम्ही छोटासा समारंभ केला. शेठने भाषण केलं आणि मधेच रडला. मी भाषण केलं, त्यात कबुतरं पाचशे होती. ईशानने नवीन हुडी आणली होती, लाल. कुंदाताईंनी ती हातात घेतली, उलटी केली, खांद्यापासून खालच्या पट्टीपर्यंत अंगठा फिरवला. एक सुटलेला धागा सापडला. तो त्यांनी दातांनी तोडला. "पास," म्हणाल्या आणि साडीवरच ती हुडी चढवली.

मग गळ्यातला शिक्का काढून रेश्माच्या गळ्यात घातला. रेश्मा वाकून पाया पडायला लागली तर तिला वरच्या वर धरलं. "पाया नंतर पड. नाडी घट्ट बांध आधी."

आम्ही सगळे पुढच्या दाराशी हार घेऊन उभे. कुंदाताई मागच्या दाराकडे निघाल्या. त्या मागच्या जिन्यात दिवसाही अंधार असतो. पायऱ्या उतरणारी लाल हुडी वळणावर गेली आणि दिसेनाशी झाली. मी कठड्यावरून वाकून, साऱ्या इस्टेटला ऐकू जाईल असा ओरडलो, "कुंदाताई! तुमच्यासारखं माणूस पुन्हा होणे नाही! हा गाळा, ही मशिनं, हे दार तुम्हाला जन्मात विसरणार नाही!"

खालून बराच वेळ फक्त चपलांचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

"दुसऱ्या मजल्यावरचा बल्ब गेलाय. बदला."